खाणीपाशी मामा

गुरुवार, दुपार

धाकट्या,

पत्राला उशीर झाला, माफ कर. लोक महिना-दोन महिन्यांच्या उशिराला असं लिहितात. आपला सत्तावीस वर्षांचा झालाय, त्याला कुठला शब्द लावायचा ते मला माहीत नाही. पाचवीपर्यंत जेवढे शब्द शिकवले तेवढ्यांतच भागवतोय. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. तू लहानपणीही माझ्या पाटीकडे बघून हसायचास.

तुझं ठिकाण पोरीनं सांगितलं. मी भीत भीत विचारलं, काकाचा पत्ता कुणाकडे मिळेल का गं. ती गाडीखाली आडवी होती. तिथूनच तिनं घराचा नंबर, गल्ली, पोस्टाचा आकडा, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तुला पाठ कसा, असं विचारलं, तर म्हणे, वर्षाला दोन पत्रं टाकते, पाठ नाही होणार तर काय. मी तिथल्याच टायरावर बसलो. माझ्या घरातून तुला पत्रं जातात, तुझी येतात, आणि मला पत्ताच नाही.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच धक्क्यानं. शनिवारी आणि रविवारी मला पोरीच्या गाडीत बसायचंय. वाचायला. तुझ्या जागेवर.

तुला पत्रांतून कळलंच असेल. गॅरेज आता तीच बघते आणि खडीवरच्या शर्यतीही तीच खेळते. शेजारी बसून पुढच्या वळणांची वही वाचायला तिच्याकडे शाळेतल्या गणिताच्या बाई आहेत. आवाज असा, की मागच्या बाकावर झोपलेलं पोर उठून उभं राहील. त्या परवा जिन्यावरून घसरल्या, मनगट मोडलं. पोरीच्या सलग दोन शर्यती अर्धवट राहिल्यात, एकदा इंजिन, एकदा अॅक्सल. तिसरी अर्धवट राहिली की वरच्या गटातून नाव कापतात आणि मग पुन्हा खालून चढायचं. आणि वाचणाऱ्याचा चालू परवाना असलेला जवळपास दुसरा माणूस म्हणजे मी. कोणी बंद पडलेल्या घड्याळाला रोज चावी देतो, तसा मी दर वर्षी तो परवाना नवा करून ठेवतो. का, ते विचारू नकोस.

मी नाही म्हणालो. अडुसष्ट वय, बीपीची गोळी, मानेचा पट्टा, एकेक सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, गाडी मी चालवणार आहे. तुम्ही नुसतं बोलायचं. तसंही घरात तेच करता."

तपासणीच्या डॉक्टरांकडे मला आशा होती. त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, आजोबा, एवढं वर कसं? मी म्हटलं, तुम्ही फुगवताय म्हणून. ते हसले आणि सही करून मोकळे झाले. हल्ली कोणी कोणाला नापास करत नाही.

बाईंची वही आकड्यांत आहे. उजवा चार, डावा दोन. मला आकडा ऐकून उमजेपर्यंत वळण मागे पडतं, तुला माहीत आहे. म्हणून मी पोरीला म्हटलं, वाचायचं तर आमच्याच भाषेत वाचीन. तिला ती भाषा येते. लहानपणी खाटेवर बसून आपली नक्कल करायची ना. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. आजी आणि आजोबा म्हणजे लाडाची वळणं, वेग कमी करायला नको. मामी आणि मामा म्हणजे एक गिअर खाली. सासू आणि सासरे म्हणजे आल्या पावली उलटं तोंड करायला लावणारं वळण. जावई म्हणजे दगड किंवा चर, जपून घ्यायचं. आणि सरळ, मोकळा, पाय दाबून सोडायचा रस्ता म्हणजे माहेर. लोक आपल्याला हसायचे. डावं-उजवं हे शब्द गाडीत उच्चारायचे नाहीत, हा तुझा हट्ट होता. मला वाटायचं, तुला गंमत सुचते.

धाकट्या, रविवारच्या रस्त्यात खाणीचं वळण आहे. तेच. एवढ्या वर्षांनी त्यांनी तो रस्ता पुन्हा घेतलाय. म्हणून मनातलं बोलून टाकतो. तू त्या दिवशी मामी वाचलंस. वळण मामा होतं. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात मला काही दिसत नव्हतं, मी तुझ्या शब्दावर डावीकडे घेतलं आणि आपण खाणीत गेलो. तुझं खुब्याचं हाड गेलं, मला खरचटलं. लोकांनी तुला मामी म्हणायला सुरुवात केली, ते वाईट झालं. पण मी तुला केव्हाच माफ केलंय. तू फक्त एकदा लिही, की दादा, वाचण्यात चूक झाली. म्हणजे मी रविवारी निर्धास्त बसेन.

थोरला

शुक्रवार, संध्याकाळ

कालचं पत्र टाकलं नाही. पाकीट नव्हतं. खरं म्हणजे पाकीट होतं.

आज रस्ता बघून आलो. आदल्या दिवशी हळू गाडी चालवू देतात, तेव्हाच वही लिहून घ्यायची, ते अजून तसंच आहे. फरक एवढाच, की आपल्या वेळी चालवता चालवता मी बोलायचो आणि तू मान खाली घालून लिहायचास. आज चालवत ती होती, बोलत मी होतो आणि लिहीतही मीच होतो. अक्षर मोठं काढलंय, पानावर चार शब्द. चष्मा दोरीनं बांधणार आहे.

पोरगी मधूनमधून माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, समोर बघ. ती म्हणाली, बघतेय की.

खाणीपाशी मी गाडी थांबवायला लावली. उतरलो. तिथं आता लोखंडी कठडा आहे, पण खाली सगळं तसंच. पाणी साचलंय, हिरवं. रस्ता चढावर संपल्यासारखा दिसतो आणि माथ्यावरून उजवीकडे वळतो. वळण दिसतच नाही, वर जाईपर्यंत. मी तिथं उभा राहून दोनदा मोठ्यानं म्हटलं, मामा, मामा, आणि वहीत लिहिलं, मामा. खाली दोन रेघा ओढल्या. वही टेकायला काही नव्हतं, रेघा वाकड्या आल्या.

परत येताना पोरीनं विचारलं, त्या दिवशी काकानं तुम्हाला काही विचारलं होतं का, वही लिहिताना? मी म्हटलं, आठवत नाही.

खरंच आठवत नाही. एवढ्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं.

शनिवार, दुपार

हे गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. वीस मिनिटं दुरुस्तीची मुभा आहे, त्यातली माझ्या वाट्याला चार आली. इतरांचे हात चालतात आणि मला म्हणतात, मिस्त्री, तुम्ही बाजूला बसा. चाळीस वर्षं ज्यांच्या हातावर मी मारलं, ती माणसं मला बाजूला बसवतात.

मी हादरून गेलोय. आपल्या वेळी एवढा वेग नव्हता. पहिल्या माहेरला तिनं पाय दाबला आणि मी वहीऐवजी रस्ताच बघत बसलो. दोन वळणं ती माझ्याविनाच गेली. मग म्हणाली, "बाबा, बोला. नंतर मरू." तेव्हा वाचा फुटली.

दुसऱ्या टप्प्यात नारळाएवढा दगड खालून लागला. चेंबरखालचा पत्रा वाकून सायलेन्सरला चिकटला आणि गाडी रेड्यासारखी ओरडायला लागली. तिसऱ्यात क्लचची वायर तुटली. मी म्हटलं, संपलं. तीन झाल्या, नाव कापलं. तिनं काय करावं? गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून तसाच सेल मारला. गाडी उड्या मारत सुटली. पुढचे सगळे गिअर तिनं इंजिनाचा आवाज ऐकून टाकले, क्लचशिवाय, एकदाही दात न वाजवता. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी विचारलं, कुठं शिकलीस? ती म्हणाली, काकानं लिहून पाठवलं होतं, आकृती काढून.

मी पुढचं पान वाचायला विसरलो.

आता मागचा डावा शॉकअप फुटलाय, तेल गळतंय. वेल्डर पत्रा कापतोय. माझं दार बंद होत नाही, ते सामान बांधायच्या पट्ट्यानं बांधलंय. मला बांधलं, की दाराला बांधलं, हेच कळत नाही. सव्वीस गाड्या सुटल्या होत्या, दुपारपर्यंत नऊ गेल्या. आम्ही आहोत.

बोलावतायत.

रविवार, संध्याकाळ

धाकट्या, मी कसं लिहू कळत नाही. शर्यत पुरी झाली ते आधी सांगतो. सव्वीसातल्या बारा पोचल्या, आम्ही दहावे. पोरीचं नाव राहिलं. एवढं वाचून तू खूश होशील आणि तुला व्हायला हवंच. का ते खाली लिहितो.

सकाळीच रेडिएटरचा पाइप फुटला. तो कापून, उलटा करून, दोन पट्ट्यांनी आवळला. मग शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी हेल्मेटातलं बोलायचं यंत्र मेलं. माझा माइक तिच्या कानात पोचेना. वायर हलवली, फुंकर मारली, थापट्या मारल्या. काही नाही. फुटका सायलेन्सर, खाली खडीचा मारा, दार खडखडतंय. त्या आवाजात गाडीत मी ओरडलो तरी तिला ऐकू येणार नव्हतं. आणि याच टप्प्यात खाण.

मी म्हटलं, परत फिरू. तिनं हेल्मेटची काच वर केली, माझं हेल्मेट आपल्याकडे ओढलं आणि कानाशी म्हणाली, "तुम्ही ओरडू नका. नुसता हात दाखवा."

मग सतरा किलोमीटर मी हात दाखवत गेलो. मामीला हात थोडा, सासूला हात पुरा, जावयाला मूठ. ओरडतही होतो, सवयीनं. ती अर्धी नजर रस्त्यावर आणि अर्धी माझ्या हातावर ठेवून चालवत होती. खाणीचा चढ आला. ऊन समोरून डोळ्यांत. रस्ता माथ्यावर संपला. मी ओरडलो, हात दाखवला, डोळे मिटले. गाडी उजवीकडे घसरली, मागचं चाक कठड्याला घासलं, आणि पुढं माहेर. डोळे उघडले तेव्हा मी रडत होतो. तिला दिसलं की नाही, माहीत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याला हल्ली काडेपेटीएवढा कॅमेरा लावतात. त्यात चित्र येतं, आणि माझ्या माइकमधला आवाजही येतो. शर्यत संपल्यावर मंडपात सगळे चहा पीत बसले होते आणि प्लास्टरवाल्या गणिताच्या बाईंनी ते लावलं. त्यांना बघायचं होतं, त्यांच्या जागेवर मी काय दिवे लावले. मांडीवर माझी वही उघडून त्या एकेक शब्द तपासत होत्या, पेपर तपासल्यासारखा. आधी सगळे माझ्या चष्म्याला हसले. मग चढ आला. चित्रातला मी ओरडतो.

"मामी."

आणि हात उजवीकडे.

वेल्डर पोट धरून हसला. म्हणाला, "मिस्त्री, तोंडाचं वायरिंग उलटं बसवलंय काय?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही माझ्यासमोर धरली. तिथं माझ्याच अक्षरात, दोन वाकड्या रेघांवर, मामा लिहिलेलं होतं. त्यांनी ते मागे नेऊन पुन्हा लावलं. चित्रातला मी खाली वहीत बघतो, मामा या शब्दाकडे बघतो, आणि मामी म्हणतो. मला आठवत होतं, मी मामा म्हणालो होतो. अजूनही मला तसंच आठवतं. शपथेवर सांगितलं असतं. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदाही मामी.

कालचंही लावलं. दोन दिवसांत अकरा वेळा. दर वेळी हात बरोबर, तोंड उलटं.

मी पोरीकडे बघितलं. ती कपात बघत होती. मी विचारलं, तू काल काय केलंस मग, काल तर तुला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "बाबा, मी तुमचं ऐकतच नव्हते. किती जवळ, किती लांब, ते ऐकायचं आणि बाजू हातावरून घ्यायची. आई पण तेच करायची ना. तुम्ही म्हणायचात डावीकडची बरणी दे आणि हात करायचात उजवीकडे. ती गुपचूप हाताकडची द्यायची."

मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाही कोणी.

ती म्हणाली, "तुम्हाला कोण सांगणार?"

धाकट्या, हे ती वाईट बोलली नाही. हळूच बोलली. मग तिनं पाकिटातून चार घड्या घातलेला कागद काढला. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. आठ वर्षांपूर्वीचं पत्र, तिनं पहिल्यांदा शर्यत खेळायचं ठरवलं तेव्हाचं. सगळं गाडीविषयी. शेवटी एक ओळ. तुला आठवतही नसेल, मी लिहून देतो. "दादाला कधी शेजारी बसवलंस, तर त्याचे शब्द घेऊ नकोस, हात घे. हात कधी चुकत नाही त्याचा."

आज खाणीच्या माथ्यावरून आम्ही दोघं जिवंत आलो, ते तुझ्या त्या ओळीनं.

एवढं लिहून थांबतो. चहा गार झाला.

मंगळवार, सकाळ

काल दिवसभर पत्र्याच्या पेटीभोवती फिरत होतो. आज उघडली.

तुला दवाखान्यातून घरी सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनं एक पुडकं आणून दिलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. हाताला लागताच कळलं, वही आहे. मी ती तशीच पेटीत टाकली. सत्तावीस वर्षं सुतळी सोडली नाही. भीती वाटायची. आत काय असेल म्हणून नाही. काय आहे ते थोडंथोडं माहीत होतं म्हणून.

पहिल्याच पानावर एक मामी खोडलेली. वर मामा लिहिलेलं. त्याच पानावर खाली आजोबा खोडून आजी. पुढच्या पानावर तीन. मी टायरावर बसून मोजायला लागलो. एकेचाळीस. एकेचाळीस ठिकाणी मी उलटं बोललो होतो आणि तू काही न बोलता, मान वर न करता, सरळ करून घेतलं होतंस. कसं, ते आज बसल्या बसल्या कळलं. गाडी वळली की अंग झुकतं. तुझं अंग तुला सांगायचं. चालवताना माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, दाखवायला हात नाही, तोंडाशिवाय तुझ्याकडे काही नव्हतं. तरी तू अंगावरून ओळखायचास.

आणि डावं-उजवं गाडीत नको हा तुझा हट्ट. नाती कशाला शोधलीस, तेही कळलं. ते दोन शब्द माझ्या डोक्यात कायमचे गुंतलेत, म्हणून तू मला दुसरे शब्द दिलेस. मामी ऐकली की माझा हात बरोबर डावीकडे जायचा. कानातून आत यायचं ते बरोबर, तोंडातून बाहेर जायचं तेच उलटं. आणि मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिलो, की आमचा धाकटा भारी गमत्या.

मग खाणीचं पान आलं.

त्या पानावर खाडाखोड नाही. त्याच्या आधीच्या दोन पानांवरही नाही. तिथं फक्त शब्दापुढं बारीक प्रश्नचिन्हं आहेत. मामी, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

आता जे आठवत नाही म्हणालो होतो, ते लिहितो. मला आठवतं. कायम आठवत होतं.

त्या शुक्रवारी तू मला दोनदा टोकलंस. मामी? नक्की? मागं पेट्रोल पंपावर आपल्याबरोबर शर्यत खेळणाऱ्या तिघांनी मला हिणवलं होतं, की धाकट्याशिवाय तुझं पान हलत नाही. ते डोक्यात होतं. मी गाडी थांबवली आणि तुला म्हणालो, "दर वळणाला शंका काढू नकोस. मी बोलतो तेच लिही. तुझं काम लिहिण्याचं." तू बरं म्हणालास. पुढच्या तीन पानांत तू काहीही सरळ केलं नाहीस. मी सांगितलं तसंच लिहिलंस. आणि रविवारी मी सांगितलं तसंच वाचलंस.

तू चुकला नव्हतास. मी तुला चुकायला सांगितलं होतं आणि तू मोठ्या भावाचं ऐकलंस.

चौकशीला दवाखान्यातच बसवलं, तेव्हा तू कुबड्यांवर होतास. वही तुझ्या काखेतल्या पिशवीत होती, मला पिशवीचा आकार दिसत होता. त्यांनी विचारलं, वाचण्यात चूक कोणाची? तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे. माझा परवाना गेला असता तर गॅरेजवर कोणी गाडी आणली नसती, पोरगी चार वर्षांची होती. तू गप्प राहिलास. पिशवी उघडली नाहीस. मी ते गप्प राहणं कबुली समजलो. नाही, समजलो नाही, तशी करून घेतली.

आणि अजून एक. लोक तुला मामी म्हणायला लागले, असं मी गुरुवारी लिहिलं. लोक नाही. पहिल्यांदा मी म्हणालो. त्याच पेट्रोल पंपावर, त्याच तिघांसमोर, हसू आणायला. कोणी काही विचारलं नव्हतं, मीच म्हणालो, आमची मामी आता बरी आहे. ते हसले, आणि मग ते नाव गावभर झालं, पोरं तुझ्या लंगडण्यामागून ओरडायला लागली. तू गाव सोडलंस तेव्हा मी गॅरेजात होतो, बस जाताना दिसली. हात केला नाही.

माझा हात कधी चुकत नाही, असं तू लिहिलंस. एकदा चुकला. तेव्हा वर व्हायला हवा होता.

ही सगळी पत्रं एकाच पाकिटात घालतोय. गुरुवारचंही घालतोय. त्यात मी तुला माफ केल्याचं लिहिलंय. ते फाडून टाकणार होतो. पोरीनं फाडू दिलं नाही. म्हणाली, काकाला कळू दे, किती लांबून आलात.

मघाशी तीच वही घेऊन मंडपात जाऊन आलो, सामान आवरायला माणसं जमली होती. वेल्डर होता, शर्यतीची वेळ मोजणारे होते, त्या तिघांतला एक अजून जिवंत आहे, तो होता. मी सगळ्यांसमोर वही उघडून दाखवली. म्हटलं, माझा भाऊ चुकला नव्हता. म्हटलं, मामी मी. त्यानं पान बघितलं आणि विचारलं, मिस्त्री, आता सांगून काय उपयोग? तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

बाईंचं मनगट सहा आठवडे बांधलेलं राहील आणि पुढची शर्यत पाच आठवड्यांवर आहे. मी पुन्हा बसणार नाही, डॉक्टरांनी सही केली तरी. पोरगी म्हणते, काका बसला तर. बसायला खुबा लागत नाही, डोळे आणि आवाज लागतो, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, असं मागायचा तुझ्या बापाला हक्क नाही. ती म्हणाली, तुम्ही नाही मागत, मी मागतेय, तुम्ही फक्त लिहा. म्हणून लिहिलं. तिचं म्हणून वाच.

माझं मागणं वेगळं आहे. सोबत एक पोस्टकार्ड ठेवलंय, पत्ता घालून. जास्त लिहू नकोस, मला वाचायला वेळ लागतो. एकच शब्द लिही. माहेर लिहिलंस, तर मी बसस्टँडवर उभा असेन, जी गाडी येईल तिच्यासाठी. सासू लिहिलंस, तरी मला समजेल. वळण अवघड आहे, पण पुढं रस्ता आहे. जावई लिहिलंस, तर जपून राहीन, पुढचं पत्र वर्षभरानं टाकीन.

फक्त गप्प राहू नकोस. वाचणारा गप्प झाला, की चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. लवकर कळव.

दादा